‘मी त्या गावचाच नाही!’ : अन्यत्र असण्याच्या बचावाचा इतिहास

१/
आरोपीला स्वतःच्या बचावासाठी अनेक गोष्टी सांगता येतात. हातून घडले, पण हेतू नव्हता. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केले. मनाचा तोल गेला होता. या सर्व बचावांत एक गोष्ट गृहीत असते : आरोपी घटनास्थळी होता. हे गृहीतच नाकारणारा एक बचाव आहे. ‘त्या वेळी आरोपी तेथे नव्हताच, तो दुसरीकडे होता.’ इंग्रजी कायद्यात त्याला ‘अ‍ॅलिबाय’ म्हणतात. #थ्रेड #इतिहास

२/
लॅटिनमध्ये ‘अलिबी’ हे साधे क्रियाविशेषण आहे. त्याचा अर्थ ‘अन्यत्र’. अठराव्या शतकात ते इंग्लंडच्या न्यायालयांत रुळले आणि पाहता पाहता त्याचे नाम झाले. पुढे बोलीभाषेत त्याला ‘सबब’, ‘बहाणा’ असाही अर्थ चिकटला. कायद्यात मात्र तो शब्द आजही सबब नाही. ते स्थळ आणि काळ यांविषयीचे एक विधान आहे, खरे किंवा खोटे. या दोन अर्थांची गल्लत होते, तेव्हा खरोखर दुसरीकडे असलेला माणूसही खोटारडा ठरू शकतो.

३/
या बचावाचे एक गाजलेले उदाहरण प्राचीन रोमचे आहे. इ. स. पू. ६२च्या डिसेंबरात ज्युलियस सीझरच्या घरी ‘बोना देआ’ या देवतेचा विधी चालू होता. तेथे पुरुषांना मज्जाव होता. पब्लियस क्लॉडियस हा तरुण सरदार स्त्रीवेशात आत शिरला आणि आवाजावरून ओळखला गेला, असा आरोप झाला. सीझरने आपली पत्नी पॉम्पेइया हिचा त्याग केला. पुढच्या वर्षी क्लॉडियसवर धर्मभंगाचा खटला उभा राहिला.

४/
क्लॉडियसचा बचाव सरळ होता. त्या दिवशी तो रोममध्ये नव्हताच. सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या इंटरॅम्ना या गावी होता. तेथील यजमानाने तशी साक्षही दिली. घोडा आणि पायी प्रवास यांच्या त्या काळात एवढे अंतर पुरेसे होते. मग सिसेरो साक्षीला उभा राहिला आणि त्याने सांगितले, की त्याच दिवशी क्लॉडियस रोममध्ये आपल्या घरी येऊन गेला होता. बचाव तेथेच कोसळायला हवा होता.

५/
तो कोसळला नाही. ३१ पंचांनी क्लॉडियसला निर्दोष ठरवले, २५ जणांनी दोषी. पंचांना लाच दिली गेल्याची चर्चा उघडपणे होत होती. पंचांनी तुझ्या साक्षीवर विश्वास ठेवला नाही, असे क्लॉडियसने पुढे सिसेरोला हिणवले. त्यावर सिसेरोने उत्तर दिले, की पंचविसांनी आपल्यावर विश्वास ठेवलाच. तुझ्यावर मात्र एकतिसांचाही विश्वास नव्हता, म्हणून तर त्यांनी पैसे आधी मोजून घेतले. अन्यत्र असण्याचा दावा कितीही निःसंदिग्ध असो, तो अखेर साक्षीदाराच्या आणि न्याय देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर टेकलेला असतो. येथे खोटा दावा जिंकला.

६/
भारतीय परंपरेतही हा बचाव स्वतंत्रपणे विचारात घेतलेला आढळतो. धर्मशास्त्रातील ‘व्यवहार’ म्हणजे न्यायप्रक्रिया. फिर्यादीने दावा मांडल्यावर प्रतिवादीला चार प्रकारचे ‘उत्तर’ देता येते. पहिले संप्रतिपत्ती, म्हणजे दावा मान्य करणे. दुसरे मिथ्या, म्हणजे दावा नाकारणे. तिसरे प्रत्यवस्कंदन, म्हणजे घटना मान्य करून तिच्यावर मात करणारे कारण देणे. जसे, ‘कर्ज घेतले होते, पण फेडले’. चौथे प्राङ्न्याय, म्हणजे याच विषयाचा निवाडा पूर्वीच झाल्याचे सांगणे.

७/
यांतील ‘मिथ्या’ उत्तराचेही चार पोटभेद शास्त्रकारांनी सांगितले आहेत. हे खोटे आहे. मला याविषयी काही ठाऊक नाही. त्या वेळी मी तेथे नव्हतो. आणि त्या वेळी माझा जन्मच झाला नव्हता. तिसरा पोटभेद म्हणजे थेट अ‍ॅलिबाय. चौथाही त्याचाच सख्खा भाऊ म्हणायला हवा, कारण जो जन्मलाच नव्हता तो कोठेच नव्हता! पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या कर्जाच्या आणि जमिनीच्या वादांत या उत्तराला व्यावहारिक अर्थ होता.

८/
या वर्गीकरणाला महत्त्व आहे ते पुराव्याच्या भारामुळे. कारण किंवा प्राङ्न्याय पुढे केल्यास ते सिद्ध करण्याची जबाबदारी प्रतिवादीची. ‘मिथ्या’ उत्तर दिल्यास मात्र मूळ दावा सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादीचीच राहते. म्हणजे ‘मी तेथे नव्हतो’ हा प्रतिवादीचा नवा दावा न मानता नकार मानला गेला. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने रचलेली ‘मिताक्षरा’ ही टीका महाराष्ट्रातही प्रमाण मानली जाई. या साऱ्या प्रक्रियेचे विवेचन भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) वाचावयास मिळते.

९/
अर्थात, शास्त्रात लिहिले होते तसेच प्रत्येक गावात घडत होते, असे मानण्याचे कारण नाही. आधुनिक फौजदारी कायद्याशी त्याची तंतोतंत तुलनाही करता येणार नाही. तरीही शास्त्रकारांना पडलेला प्रश्न आजचाच आहे : अन्यत्र असणे हा निव्वळ नकार आहे, की स्वतंत्र दावा? नकार असेल तर भार आरोप करणाऱ्यावर. दावा असेल तर आरोपीवर.

१०/
इंग्लंडमध्ये हा प्रश्न वेगळ्या परिस्थितीत वाढला. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे संपूर्ण बाजू मांडण्याची मुभा १८३६च्या कायद्याने मिळाली. आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण अधिकार तर १८९८मध्ये मिळाला. तोपर्यंत गरीब आरोपीसाठी बोलणार कोण? बायको नाही, कारण तिलाही बहुतेक खटल्यांत साक्ष देता येत नसे. मग उरत शेजारी, मित्र, खानावळीचा मालक. ‘त्या रात्री तो आमच्याबरोबर होता,’ असे ते सांगत, आणि आपल्या माणसासाठी खोटे बोलत असावेत, अशी शंका न्यायाधीशांना येई.

११/
शंका निराधार नव्हती. पैसे घेऊन साक्ष देणारे लोक होतेच. लोकांच्या मनात या बचावाची काय प्रतिमा झाली होती, हे चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) या कादंबरीत दिसते. तिच्यातील टोनी वेलर हा घोडागाडी हाकणारा गृहस्थ अ‍ॅलिबायला सर्व खटल्यांवरील रामबाण औषध समजतो. पिकविकवर लग्नाचे वचन मोडल्याचा दिवाणी दावा आहे. ‘कोठे होता’ याचा त्यात काही संबंधच नाही. तरीही तेथे अ‍ॅलिबाय का आणला नाही, याची त्याला हळहळ! वाचक हसले, कारण हा शब्द तोवर ‘वकिली क्लृप्ती’ या अर्थाने परिचित झाला होता.

१२/
या संशयाची किंमत अडॉल्फ बेक या माणसाने मोजली. डिसेंबर १८९५मध्ये लंडनच्या रस्त्यावर एका स्त्रीने नॉर्वेत जन्मलेल्या बेकला अडवले. सरदार असल्याची बतावणी करून आपले दागिने लुबाडणारा हाच, असे तिचे म्हणणे. पाठोपाठ अनेक स्त्रियांनी त्याला ओळखले. १८७७मध्ये ‘जॉन स्मिथ’ नावाच्या माणसाला अगदी अशाच फसवणुकीसाठी शिक्षा झाली होती. त्याला तेव्हा पकडणाऱ्या पोलिसाने प्राथमिक चौकशीत सांगितले, की स्मिथ आणि बेक एकच.

१३/
बेकचा बचाव येथेच होता. १८७७मध्ये तो दक्षिण अमेरिकेत, पेरूमध्ये होता. मधे अख्खा अटलांटिक महासागर! जुने आणि नवे गुन्हे एकाच माणसाने केले असतील, तर तो माणूस बेक असूच शकत नव्हता. परंतु १८९६च्या खटल्यात १८७७चे प्रकरण हा वेगळा विषय असल्याचे ठरवून न्यायाधीशांनी तो ज्यूरीपुढे येऊच दिला नाही. स्वतः शपथेवर साक्ष देण्याचा अधिकार बेकला नव्हता. शिक्षा झाली सात वर्षे सक्तमजुरीची. तुरुंगात त्याला स्मिथचाच जुना क्रमांक देऊन पुढे पूर्वी शिक्षा झाल्याचे अक्षर जोडण्यात आले.

१४/
बेक अर्जांमागून अर्ज करत राहिला. १८९८मध्ये तुरुंगाच्या नोंदींतूनच उघड झाले, की स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची नव्हती. दोघे एक नव्हेत, हे सरकारला कळले. क्रमांकापुढचे ते अक्षर काढण्यात आले. बेकला मात्र सोडले नाही. १९०१मध्ये तो सुटला आणि १९०४मध्ये तशाच आरोपावरून पुन्हा दोषी ठरला. या वेळी न्यायाधीशांना शंका आली आणि त्यांनी शिक्षा लांबणीवर टाकली. तेवढ्यात खरा भामटा अंगठ्या गहाण टाकताना पकडला गेला. बेक तेव्हा कोठडीत होता!

१५/
बेकला माफी मिळाली. नुकसानभरपाई अखेरीस ५,००० पौंडांपर्यंत वाढली. चौकशी समिती बसली आणि या प्रकरणाचा मोठा हातभार लागून १९०७मध्ये इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. क्लॉडियसचा खोटा दावा जिंकला होता, बेकचा खरा दावा ऐकलाच गेला नाही. पहिल्या प्रकारच्या चुकांची चर्चा फार होते. दुसऱ्या प्रकारच्या चुका तुरुंगाच्या भिंतींआड राहतात.

१६/
भारतात या बचावाला लेखी रूप मिळाले ते १८७२च्या पुरावा कायद्यात. तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केला आणि १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. त्यात ‘अ‍ॅलिबाय’ हा शब्दच नाही. कलम ११मध्ये एक उदाहरण आहे : गुन्हा कलकत्त्यात घडला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरमध्ये होता, ही वस्तुस्थिती खटल्याशी संबद्ध मानावी. शिवाय आरोपीने गुन्हा करणे अशक्य नसले, तरी अत्यंत असंभाव्य ठरेल इतके अंतर असेल, तर तेही संबद्ध.

१७/
कलम १०३च्या उदाहरणात भाराचा निर्णय आहे. आपण त्या वेळी अन्यत्र होतो, असे न्यायालयाने मानावे अशी आरोपीची इच्छा असेल, तर ते त्यानेच सिद्ध केले पाहिजे. धर्मशास्त्राने ज्याला नकार म्हटले, त्याला स्टीफन यांनी स्वतंत्र वस्तुस्थितीचा दावा मानले. १ जुलै २०२४पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तत्त्व तेच राहिले. उदाहरणातील शहरे तेवढी बदलली. कलकत्ता–लाहोरऐवजी आता चेन्नई–लडाख आहे. १८७२मध्ये एकाच राज्यव्यवस्थेत असलेली ती दोन शहरे १९४७पासून दोन देशांत आहेत.

१८/
अंतर किती पुरेसे, हे वाहनांवर ठरते. भोर घाटातील लोहमार्ग १८६३मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई–पुणे प्रवास काही तासांवर आला. ‘त्या दिवशी पुण्यात होतो’ एवढे म्हणून भागेना, ‘किती वाजता?’ हा प्रश्न आला. पण घड्याळे तरी एक कोठे होती? १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५पर्यंत टिकून होती. अशा शहरात साक्षीदाराने ‘साडेनऊ’ म्हटले, तर कोणत्या घड्याळाचे, हेही विचारावे लागणार.

१९/
या बचावाची मर्यादा समजून घेण्यासाठी नाशिकचे उदाहरण पाहावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. विनायक दामोदर सावरकर त्या दिवशी लंडनमध्ये होते. यावर वाद नव्हता. तरीही ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना याच हत्येच्या प्रकरणात जन्मठेप झाली. महिनाभर आधी, डिसेंबर १९१०मध्ये, कटाच्या खटल्यात पहिली जन्मठेप झालेलीच होती.

२०/
याचे कारण आरोपाच्या स्वरूपात आहे. गोळी झाडल्याचा आरोप सावरकरांवर नव्हता. हत्येला साहाय्य केल्याचा, कायद्याच्या भाषेत अपप्रेरणेचा होता. लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत आलेली २० ब्राउनिंग पिस्तुले हा खटल्यातील कळीचा मुद्दा होता. जेथे देहाने हजर असणे हा आरोपाचा भागच नाही, तेथे हजारो मैलांचे अंतरही अ‍ॅलिबाय ठरत नाही. त्या निकालाविषयी आणि खटल्याच्या पद्धतीविषयी कोणतेही मत असो, कायद्याचा हा मुद्दा वेगळा ठेवून समजून घेतला पाहिजे.

२१/
स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने भाराचा प्रश्न आणखी स्पष्ट केला. बिनय कुमार सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्याच्या निकालानुसार, आरोपी घटनास्थळी होता हे आधी सरकार पक्षानेच सिद्ध करायचे. ते झाल्यावर आरोपीला आपले अन्यत्र असणे पक्केपणाने दाखवावे लागते. मात्र त्याच्या पुराव्याने न्यायालयाच्या मनात रास्त संशय निर्माण झाला, तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. म्हणजे भार आरोपीवर आहे, पण सरकार पक्षाचा भार त्यामुळे हलका होत नाही.

२२/
दूधनाथ पांडे विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९८१) या खटल्यात आरोपीचा अन्यत्र असण्याचा बचाव टिकला नाही. तरी त्याच निकालात न्यायालयाने म्हटले, की बचावाच्या साक्षीदारांना सरकार पक्षाच्या साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे. बचावाचे साक्षीदार खोटे बोलतात, तसे सरकार पक्षाचेही बोलतात. म्हणून पहिल्यांवर जन्मजात अविश्वास नको. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या निकालाने दुसरे कुंपण घातले. बचाव खोटा निघाला, तरी सरकार पक्षाच्या पुराव्याच्या साखळीतील तुटलेली कडी त्याने सांधली जात नाही. साखळी आधी स्वतःच्या बळावर पूर्ण व्हावी लागते.

२३/
कोर्टात सांभाळलेला हा विवेक बोलीभाषेत मात्र हरवतो. अमेरिकन लेखक रिंग लार्डनर याची ‘अ‍ॅलिबाय आयक’ ही कथा १९१५ची. तिचा नायक बेसबॉल खेळाडू आहे. झेल सुटला तरी कारण, उत्तम फटका मारला तरी कारण! येथे अ‍ॅलिबाय म्हणजे ‘अन्यत्र’ उरले नाही. फक्त सबब उरली. चूक करतेवेळी माणूस मैदानातच होता, हे सर्वांनी पाहिलेले आहे. मूळ अर्थाच्या हे अगदी उलट झाले.

२४/
मराठीचा अनुभव निराळा नाही. ‘मी नाही त्या गावचा’ या वाक्प्रचारात गाव आहे, अंतर आहे, अनुपस्थिती आहे. शब्दशः पाहिले तर तो नितळ अ‍ॅलिबाय आहे. पण तो वापरला जातो कोणासाठी? सारे ठाऊक असूनही जो कानावर हात ठेवतो, त्याच्यासाठी. ‘आपण त्या गावचेच नाही असा आव आणला’ असे म्हणताना ‘आव’ या शब्दातच निवाडा होऊन गेलेला असतो. जो खरोखरच त्या गावचा नाही, त्याने ते कोणत्या शब्दांत सांगावे?

२५/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. एखादी बखर कोणाला एखाद्या प्रसंगी हजर दाखवते आणि तारखेचे अस्सल पत्र त्याच दिवशी त्याला शेकडो मैल दूर दाखवते, तेव्हा पत्र हाच त्या व्यक्तीचा अ‍ॅलिबाय असतो. मग पत्राची तिथी तपासावी लागते, ते कोणी व कोठे लिहिले हे पाहावे लागते, आणि बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली गेली हेही. आवडत्या कथेच्या आड येते एवढ्यासाठी पत्र खोटे ठरवता येत नाही. तसेच सोयीचे आहे एवढ्यासाठी ते खरेही ठरत नाही.

२६/
आज मोबाइलची नोंद, सीसीटीव्ही चित्रण आणि टोलनाक्यावरील पावती इंटरॅम्नाच्या यजमानाची जागा घेत आहेत. पण फोन कोठे होता हे कळले, म्हणजे माणूस कोठे होता हे कळले असे नाही. म्हणून ‘आरोपी म्हणतो, मी तेथे नव्हतो’ अशी बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. स्थळ आणि वेळ नेमकी सांगितली आहे का? आरोप असा आहे का, की ज्यासाठी देहाने हजर असणे आवश्यक होते? आणि तो तेथे होता, हे दुसऱ्या बाजूने आधी सिद्ध केले आहे का? बेकच्या खटल्यात पेरूचा प्रश्न ज्यूरीपुढे आला असता, तर त्याची पाच वर्षे वाचली असती.